जाताना गंगा, येताना वाळू

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण सहज वापरून जातो, पण तिच्यात मराठी मनातला एक जुना नकाशा दडलेला आहे. रामेश्वर म्हणजे जमीन जिथे संपते ते टोक. इतके दूर की तिथे लागलेली आग विझवायला कुणी वेळेत पोचणारच नाही. काशीही दूरच, पण बोलण्यात ती वेगळ्या अर्थाने येते. वैतागलेला माणूस ‘घाल ते काशीत’ म्हणतो, तेव्हा जे पुन्हा बघायचे नाही ते तो काशीत घालत असतो. उतारवयात काशीवासाला निघालेला माणूस परतीचा बेत करून निघत नसे. काशीवास हा शब्द मराठीत रुळला. रामेश्वरवास असा शब्द मात्र कधी झाला नाही. पांबनच्या खाडीपलीकडच्या त्या वाळूच्या, ताडामाडांच्या बेटावर जायचे ते परत येण्यासाठी, हे भाषेनेच ठरवून टाकले होते. आज जळगाव-धुळ्याकडून ‘दक्षिण दर्शन’च्या बसगाड्या भरून जातात, माणसे धनुष्कोडीच्या वाळूत फोटो काढतात, मदुरेत साड्या घेतात आणि पंधरा दिवसांत घरी येतात. तेव्हा जुन्या पिढीतली एक तक्रार ऐकू येते: यात्रा गेली, सहल उरली. ही तक्रार इतिहासाला धरून नाही, असे मला वाटते. निवांतपणा आणि परतणे या दोन गोष्टी रामेश्वराच्या यात्रेत रेल्वेने किंवा बसवाल्यांनी घुसडलेल्या नाहीत. त्या तिच्या घडणीतच होत्या, आणि खानदेश ज्या जागी वसला आहे त्या जागेमुळे खानदेशी माणसाच्या वाट्याला त्या जरा जास्तच आल्या.

यात्रेचा विधीच पाहा. काशीहून गंगेचे पाणी घ्यायचे, ते रामेश्वरी नेऊन रामनाथाच्या लिंगावर घालायचे, सेतूची वाळू उचलायची, ती प्रयागला त्रिवेणीत सोडायची, पुन्हा गंगा भरून घ्यायची आणि मग घर गाठायचे. दक्षिणेकडचे लोक हाच फेरा वाळूपासून सुरू करतात. रामेश्वरी सेतुमाधव, प्रयागी वेणीमाधव आणि काशीत बिंदुमाधव अशी एकाच देवाची तीन ठाणी या वाटेवर बसवलेली आहेत, आणि वाळूचे तीन भाग करून या तीन नावांनी त्यांची पूजा होते. यातली मेख अशी की पाणी पोचवले म्हणून काम संपत नाही. वाळू उचलली की उत्तरेची उधारी अंगावर बसते. एका टोकाचे ओझे दुसऱ्या टोकाला उतरवावे, तर तिथले नवे ओझे खांद्यावर चढते. ज्या कुणी हा विधी रचला त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. नुसते दर्शन सांगितले असते तर माणूस एकदा जाऊन मोकळा झाला असता. पंढरीच्या वाटेवरही हेच तत्त्व दुसऱ्या रूपात आहे. वारी म्हणजेच फेरा, खेप. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी दर आषाढीला महिनाभराहून अधिक चालत पंढरपूरला जाते, तिच्याबरोबर गेलेला वारकरी पुढच्या वर्षी पुन्हा यायचे ठरवूनच देवळातून बाहेर पडतो. पंढरीचा फेरा वर्षाचा, काशी-रामेश्वराचा आयुष्यात एकदा-दोनदा. मापे वेगळी, पण परतणे हे दोन्हीकडे पुण्याचाच भाग आहे, पुण्यानंतरचा रिकामा प्रवास नव्हे.

या यात्रेने मराठीला दिलेले दोन शब्द माझ्या बाजूने साक्ष देतात. पहिला गंगाजळी. मुळात हे गंगेचे पाणी ठेवण्याचे भांडे. आज रिझर्व्ह बँकेकडे परकीय चलनाची गंगाजळी किती आहे, ते वर्तमानपत्रात छापून येते. जे जपून आणले, घरात ठेवले आणि नडीलाच काढायचे, असा त्या भांड्याचा अर्थ होता, म्हणून तो पैशाला चिकटला. म्हणजे यात्रेचे सार कुठे होते? घरी आणून ठेवलेल्या वस्तूत. दुसरा शब्द मावंदे. यात्रा करून आलेला माणूस थेट उंबरठा ओलांडत नसे. गावच्या मारुतीपाशी थांबायचा, वाजंत्री लावून लोक त्याला घरी आणायचे, तोंड झाळून बंद केलेल्या तांब्याच्या गडूची पूजा व्हायची, सोयऱ्याधायऱ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवण पडायचे. त्या जेवणाला मावंदे म्हणतात. मावंदे झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे धरत नसत. लग्नासारखा आहेर, पुरणपोळ्या, आणि मग ओसरीवर बसून रात्र रात्र चालणाऱ्या गोष्टी: पंड्यांनी कसे घेरले, मद्रासेत भाताखेरीज काही मिळेना, समुद्र कसा दिसतो. आजचा प्रवासी फोटो दाखवून जे करतो तेच हे, फक्त जेवण घालून. ज्या प्रवासाचा शेवटचा विधी गावकऱ्यांना गोष्टी सांगत जेवू घालणे हा आहे, तो प्रवास केवळ देहदंडासाठी होता असे म्हणणे अवघड आहे.

आता चालत जाण्याच्या काळाचा हिशोब करून पाहू. जळगावाहून काशी हजार-अकराशे किलोमीटर. काशीहून रामेश्वर वळणावळणाच्या वाटेने तेवीसशेच्या आसपास. तिथून वाळू घेऊन प्रयाग जवळपास तितकेच, आणि प्रयागहून पुन्हा घर. दिवसाला सहा-सात कोस, म्हणजे वीसेक किलोमीटर चालणारा माणूस धरला तर नुसते चालण्याचेच सव्वातीनशे दिवस होतात. त्यात पावसाळ्याचे चार महिने नद्या ओलांडता येत नाहीत म्हणून एखाद्या गावी मुक्काम, आजारपण, सोबत मिळेपर्यंत थांबणे, ग्रहण-पर्वण्यांसाठी थांबणे. दीड-दोन वर्षे सहज जायची. इतक्या लांबच्या प्रवासात घाई हा शब्दच बसत नाही. वर्सईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेला निघाले ते दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून. महूजवळ त्यांच्या कानावर बंडाची बातमी आली, पुढे झाशीत ते वेढ्यात सापडले, आणि एवढे सगळे होऊनही परत येताना गंगेची कावड त्यांनी खांद्यावरून घरी आणलीच. त्यांचा ‘माझा प्रवास’ चि. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापून आणला. लोक तो बंडाची हकीकत म्हणून वाचतात. प्रवासाचे पुस्तक म्हणून वाचला तर त्यात खाण्यापिण्याची, रीतिरिवाजांची, गावोगावच्या माणसांची जी हौसेने केलेली नोंद आहे, ती यात्रेकरूच्या डोळ्यांची खरी ओळख करून देते. जीव मुठीत धरून चालणारा माणूसही आजूबाजूला बघत चाललेला असतो.

पण इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जुन्या यात्रेत माणसे मरत. निघण्यापूर्वी देण्याघेण्याची, वाटण्यांची व्यवस्था लावून निघत, घरचे लोक कायमचा निरोप दिल्यासारखे रडत. अशा प्रवासाला निवांत म्हणणे ही थट्टा नाही का? खानदेशापुरते तर हे अधिकच खरे. १८०२ ते १८०४ या काळात होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि दुष्काळ यांनी हा मुलूख उजाड करून टाकला. १८१८ मध्ये ब्रिटिशांचा अंमल बसून धुळ्याला कॅप्टन ब्रिग्ज कलेक्टर म्हणून आला, तरी सातपुड्याचे घाट एकट्यादुकट्याने ओलांडण्यासारखे नव्हते. १८२५ मध्ये धरणगावला ऊट्रमने भिल्ल पलटण उभी केल्यावर वाटा हळूहळू सुरक्षित झाल्या, आणि धुळे, सोनगीर, शिरपूर, सेंधवा असा जाणारा आग्रा रस्ता पुन्हा वाहता झाला. हे सगळे मान्य. माझे म्हणणे इतकेच की धोका आणि निवांतपणा हे एकमेकांचे वैरी नाहीत. धोका वाटेत होता. निवांतपणा वेळेत होता. यात्रेला निघालेल्या माणसावर शेताची, देण्याघेण्याची, सुनांच्या भांडणांची जबाबदारी उरत नसे. आयुष्यात पहिल्यांदा, बहुतेक वेळा शेवटच्यांदाही, त्याचा दिवस फक्त पुढच्या मुक्कामाचा असे. बायकांच्या बाबतीत हे शंभर पटींनी खरे मानावे लागेल, कारण त्यांना चूल आणि जाते सोडून बाहेर पडण्याची समाजमान्य सबब देवाशिवाय दुसरी कोणती होती?

आणि ज्यांना हा निवांतपणा आजच्या हॉटेलांबरोबर आला असे वाटते, त्यांनी तंजावरच्या मराठ्यांची छत्रे, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळा, आठवावीत. १६७६ पासून तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य होते, आणि रामेश्वराची वाट त्यांच्या मुलखातून जात होती. त्या वाटेवर त्यांनी छत्रांची रांग उभी केली. ओरथनाडचे मुक्तांबाळ छत्र १८०२ च्या सुमारास सुरू झाले. इंग्रजांनी १७९९ मध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा ही छत्रे आपल्याकडे राहावीत म्हणून दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंट टॉरिन याला एक पत्र लिहिले. त्या पत्रात छत्रांचा जो कारभार सांगितला आहे तो वाचण्यासारखा आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सगळ्या वाटसरूंना शिजवलेला भात, जे शिजवलेले घेत नाहीत त्यांना कोरडा शिधा, मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे अशी हाक, आजाऱ्याला औषध आणि बरा होईपर्यंत मुक्काम, लेकरांना दूध, बाळंतिणीची सोय, कुणी वारला तर त्याच्या जातीप्रमाणे क्रिया. ही मध्यरात्रीची घंटा मला फार बोलकी वाटते. यात्रेकरूने उपास काढावेत, हाल सोसावेत आणि त्यातून पुण्य मिळवावे अशी समजूत असती, तर राजाने घंटा कशाला ठेवली असती? आणि ही सोय कुठल्याशा परक्या दक्षिणेत होती असेही नाही. रामेश्वराच्या देवळातल्या पूजेचा मान परंपरेने ज्या पुजारी घराण्यांकडे आहे, त्यांचे पूर्वजही महाराष्ट्रातून गेलेले. सातपुड्यापलीकडे महेश्वरला बसून अहिल्याबाई होळकर देशभरच्या देवळांना, त्यात रामेश्वरालाही, गंगेच्या कावडी पाठवत. म्हणजे खानदेशाच्या उत्तरेला गंगा पाठवणारे मराठी हात होते, आणि दक्षिण टोकाला ती घेणारेही. खानदेश त्या रस्त्यावरचे मधले ठिकाण होते.

मधले ठिकाण ही गोष्ट नुसती नकाशावरची नाही. कोकणातला किंवा पुण्याचा यात्रेकरू काशीहून रामेश्वराला जाताना घराच्या दिशेने येतो खरा, पण खानदेशी माणसाचे घर अगदी दोन्ही वाटांच्या जोडावर येते. रेल्वेने हे पक्के केले. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचला. १८७० च्या मार्चमध्ये मुंबई-जबलपूर मार्ग पुरा होऊन अलाहाबादच्या बाजूने येणाऱ्या मार्गाला जोडला गेला, आणि प्रयाग दोन दिवसांच्या अंतरावर आले. काशीला मात्र गंगेवर पूल व्हायला १८८७ उजाडले. तोवर पलीकडच्या काठाला उतरून नावेने जावे लागे. दक्षिणेचे दार १८७१ मध्ये उघडले, मुंबईकडचा आणि मद्रासकडचा मार्ग रायचूरला जुळला तेव्हा. आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर खानदेशातून तिकडे जायला कल्याणचा वळसा उरला नाही. १९०० मध्ये धुळे चाळीसगावाशी आणि अमळनेर सुरतेशी जोडले गेले. मनमाडला उभे राहिले तर एक गाडी गंगेकडे, दुसरी सेतूकडे. ज्या यात्रेकरूला काशीहून रामेश्वराला जाताना घरावरूनच जायचे आहे, तो घरी उतरणारच. गडू देवघरात ठेवायचा, कपाशी वेचून घ्यायची, मुलीचे लग्न उरकायचे, आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या थंडीत रामेश्वर. मग वाळू घेऊन पुन्हा घरी. आणि प्रयागला जाण्यासाठी आणखी एक सबब हाताशी. एक महायात्रा होती, तिच्या तीन सहली झाल्या. शास्त्री लोक याला सवलत म्हणतील. मला ती विधीतल्या मूळ कल्पनेला अधिक जवळची वाटते, कारण पाणी आणि वाळूचा सगळा खेळच माणसाला पुन्हा पुन्हा वाटेला लावण्याचा आहे.

कोण जाऊ शकत होते, हा प्रश्न इथे टाळता येणार नाही. पायी यात्रेच्या काळात काशी-रामेश्वर म्हणजे सरदार-सावकार, त्यांच्या आश्रयाचे भिक्षुक आणि ज्यांच्यामागे काहीच उरले नाही असे बैरागी. शेती करणाऱ्या कुटुंबाला दीड वर्ष घर सोडणे शक्यच नव्हते. त्याचे देव जवळचे होते: सारंगखेड्याचा दत्त, तापी-पांझरेच्या संगमावरचे मुडावद, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि खानदेशी कुणब्याच्या हाती रोख पैसा आला. त्याच दशकात दाराशी रेल्वे आली. पैसा आणि गाडी एकाच वेळी यावीत, हा योग साधा नाही. दीड वर्षाची यात्रा महिन्यावर आली तेव्हा ती लेवा पाटलांच्या, मराठ्यांच्या, गुजरांच्या, वाण्यांच्या घरात शिरली, आणि कापसाचे माप घालून झाल्यावर, आखाजीच्या आधी, ही तिची वेळ ठरून गेली. भूमिहीन मजुराच्या, आदिवासी पाड्यांवरच्या माणसांच्या वाट्याला ती तेव्हाही आली नाही. जळगाव जिल्ह्यात तापी, गिरणा आणि अंजनी यांच्या संगमावर रामेश्वर नावाचेच तीर्थ आहे. ज्यांना ते बेट कधी दिसणार नव्हते त्यांनी तीन नद्यांच्या मिळणीला समुद्राचे नाव दिले, असे म्हटले तर फार धाडस होणार नाही.

दुसरा आक्षेप रेल्वेच्या बाजूनेच येतो. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात कोंबून केलेला प्रवास निवांत कसा? गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले, त्यातली घाण, गर्दी, धक्काबुक्की ही यात्रेकरूंच्याच वाट्याची होती. पर्वण्यांना पटकी पसरायची, त्यासाठी स्टेशनांवर तपासण्या व्हायच्या. बाकावर जागा मिळाली तर नशीब. पण या हालांतही लोक जात राहिले आणि पुन्हा जात राहिले, याचे उत्तर पुण्य एवढ्याने भागत नाही. डब्यात अख्खे गाव असे. वळकट्या, ट्रंका, दुधात भिजवलेल्या दशम्या, बिबडे, लाल मिरचीची चटणी, आणि समोर सख्ख्या भावकीइतकीच ओळखीची माणसे. मद्रासेला रुंद मार्ग संपायचा, सामान उचलून दुसऱ्या स्टेशनावरून मीटर गेजची गाडी धरावी लागायची, आणि त्या बदलात एक-दोन दिवस शहर बघण्यात जायचे. हा खोळंबा कुणी तक्रार म्हणून सांगत नसे. मावंद्यातल्या गोष्टींना इथूनच रंग चढे.

आणि मग बेट. मंडपमच्या किनाऱ्यापर्यंत गाडी, पुढे दोन किलोमीटरचा समुद्र. २४ फेब्रुवारी १९१४ ला पांबनचा पूल सुरू होईपर्यंत हा समुद्र नावेनेच पार करावा लागे. तापीला पूर आला की काठाशी न जाणाऱ्या माणसांना तो पाण्याचा विस्तार काय वाटला असेल, याची कल्पना करता येते. त्या पुलाच्या १४५ गाळ्यांवरून गाडी हळूहळू सरकायची, दोन्ही बाजूंना नुसते पाणी, आणि मधला भाग जहाजाला वाट देण्यासाठी उघडायचा. देवळात गेले की बावीस तीर्थांच्या विहिरींचे पाणी बादल्यांनी डोक्यावर ओतून घ्यायचे, ओल्या कपड्यांनी हजाराहून जास्त खांबांच्या त्या लांबलचक ओवरीतून चालायचे. मग धनुष्कोडीला एका बाजूला महोदधी, दुसऱ्या बाजूला रत्नाकर, आणि दोन्हींत स्नान. इथे कुणी विचारील, की यात्रेकरू बेट बघायला गेलाच नव्हता, त्याच्या लेखी तो रामाचा सेतू होता. समुद्र आणि वाळू यांची मौज ही आपली आजची नजर त्याच्यावर लादणे नव्हे काय? मला वाटते, हा भेदच आपला आहे, त्याचा नव्हता. ज्या विधीत वाळू हातात घेऊन तिचे लिंग करायचे, समुद्रात दोन बाजूंनी बुडी मारायची, बावीस विहिरींच्या पाण्याची वेगवेगळी चव सांगायची, तिथे देव आणि जागा वेगळे करता येत नाहीत. देवालाच जर पाणी आणि वाळू हवी आहे, तर माणसाने समुद्राकडे का बघू नये? २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी बुडवली, पांबनहून निघालेली प्रवासी गाडी शंभराहून जास्त माणसांसह लाटांत गेली, गाव राहण्यास अयोग्य ठरले, पूलही मोडला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल ४६ दिवसांत उभा राहिला, आणि यात्रेकरू पुन्हा आले. उद्ध्वस्त स्टेशनाच्या भिंती बघायलाही आले. त्यातला कोणता पाय भक्तीचा आणि कोणता कुतूहलाचा, हे सांगणारा तराजू माझ्याकडे नाही, आणि तक्रार करणाऱ्यांकडेही नसावा.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र आपल्याच संतांनी घेतलेला आहे. एकनाथांची गोष्ट महिपतींनी सांगितली, ती घरोघर ठाऊक आहे: रामेश्वराला चाललेली गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. बरोबरचे लोक हळहळले, एवढी यात्रा फुकट गेली म्हणून. नाथांना देव तिथेच भेटला. या गोष्टीच्या आधारे कुणी म्हणेल की मराठी परंपरेत खऱ्या भक्ताला रामेश्वर गाठायची गरजच नव्हती, मग तिथल्या निवांतपणाची काय कथा. पण गोष्ट दुसऱ्या बाजूने वाचली तर ती माझ्याच बाजूची निघते. नाथ वाटेत थांबतात. बाकीचे वेळेवर पोचण्याच्या चिंतेत आहेत, गाढवाकडे बघायला मोकळे फक्त नाथ आहेत. पाणी पोचवण्याची हमाली आणि यात्रा यांतला फरक ही गोष्ट दाखवते. यात्रेला निघूच नका, असे ती कुठेच म्हणत नाही. निघाले नसते तर ते गाढव त्यांना भेटले कुठे असते?

आताच्या बसगाड्यांचे काय? त्यांच्यात हिणवण्यासारखे बरेच आहे, हे कबूल. बारा दिवसांत तिरुपती, मदुरै, रामेश्वर, कन्याकुमारी उरकणारा कार्यक्रम ही जुन्या यात्रेपेक्षा जास्त कष्टाची गोष्ट आहे, आणि तिच्यात हरवले आहे ते रेंगाळणे. म्हणजे तक्रार करायचीच असेल तर यात्रेची सहल झाली अशी नको. सहलीतला सवडीचा भाग गेला, अशी करावी. तरी बसच्या टपावर शेगडी आणि पातेली असतात, बरोबर आचारी असतो, आणि तमिळनाडूच्या रस्त्याकडेला शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचा बेत होतो तेव्हा छत्रातली ती घंटा दुसऱ्या रूपात वाजतच असते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली. साठी ओलांडलेल्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या माणसाच्या यात्रेला तीस हजारांपर्यंतचा खर्च सरकारने उचलायचा. सरफोजींच्या छत्राची ही नात म्हणावी, मायेला थोडी कमी आणि कागदपत्रांना थोडी जास्त. जुना पांबन पूल २०२२ च्या डिसेंबरात गाड्यांना बंद झाला आणि ६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, नवा सुरू झाला. त्याचा मधला भाग आता उघडत नाही, सरळ वर उचलला जातो.

रामेश्वर आणि काशी यांना जोडणारी थेट साप्ताहिक गाडीही आता आहे. जी वाट चालायला चार महिने लागत ती ही गाडी दोन-तीन रात्रींत कापते. पण ती नागपूर, इटारसी, जबलपूरवरून जाते, खानदेशाला हात लावत नाही. भुसावळच्या यात्रेकरूला एका दमात दोन्ही टोके गाठायची तर आधी इटारसीला जाऊन ती धरावी लागते, आणि सामानसुमान घेऊन, म्हाताऱ्या माणसांना घेऊन हा खटाटोप फार कमी लोक करतात. यंदा काशी, गडू देवघरात. मग सवडीने, कापूस घरातून गेल्यावर, रामेश्वर.